फॉल लावलेली साडी

आमच्या राहीआत्यांबद्दल सांगायचं म्हणजे आधी माझ्याबद्दल सांगावं लागतं, आणि ते माझ्या अगदी जिवावर येतं. माझा भाग गाळून सांगितलं तर गोष्ट सोपी होते, पण खोटी होते. आणि खोटं मी या प्रकरणात आधीच भरपूर बोलून बसलेय.

मी स्नेहल. माहेर नगरचं. नवरा रविराज, गाव कोल्हार, नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत. लग्नानंतर आठ महिने तो सुप्यात मित्रांच्या खोलीवर आणि मी कोल्हारात थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली, असा आमचा संसार चालला होता. आठवड्याच्या सुट्टीला तो यायचा, जेवायचा, झोपायचा आणि सोमवारी पहाटेची गाडी पकडायचा. शेवटी मी एकदा भांडी आदळून सांगितलं, की सुप्याला घर घे, नाहीतर मी माहेरी जाते आणि तू मित्रांबरोबरच संसार कर. मग सुप्यात दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट झाला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझ्या हट्टाचं घर आहे हे, असं रविराज आल्यागेल्याला सांगतो आणि मला ते आवडतं.

राहीआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. साठीच्या आसपास वय, बारीक अंग, नाकावरून घसरणारा चष्मा आणि पोलक्याला छातीशी कायम खोचलेली, दोरा ओवलेली सुई. त्यांना राहात्याकडं दिलं होतं. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना आणून माहेरच्या दारात सोडलं. सासऱ्यांनी, म्हणजे रंगनाथरावांनी, बहिणीला शिलाई मशीन घेऊन दिलं आणि घरापासून दोन गल्ल्यांवर एक खोली बघून दिली. तेव्हापासून आत्या साड्यांना फॉल लावतात, पिको करतात, पदराला गोंडे बांधतात. "वरून टाका दिसला तर माझं नाव राहीबाई न्हाई," असं त्या म्हणायच्या आणि खरंच दिसायचा नाही. सासरे माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधीच गेले, त्यांच्या मागोमाग सासूबाईही. मी कोल्हारात होते त्या आठ महिन्यांत आत्यांच्या खोलीवर दोनदा गेले असेन, दोन्ही वेळा काम टाकायला. बस म्हणाल्या तरी बसले नाही.

माघात वास्तुशांत झाली. आत्या कोल्हारहून पहाटेच्या एसटीनं निघून, नगरला गाडी बदलून, गुरुजींच्याही आधी येऊन हजर. आल्या आल्या दाराचं तोरण सैल आहे म्हणून सुई काढून शिवायला बसल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण मी तयार होऊन बाहेर आले, माझ्या आईनं हौसेनं घेतलेली रेशमी साडी नेसून, आणि आत्यांनी भरल्या हॉलमध्ये माझ्या निऱ्यांना हात घातला.

"पोरी, ह्यो फॉल कुनी लावला गं? आधी पान्यात काढलाच न्हाई. बघ कसा आवळलाय. निऱ्या पडंनात तुझ्या."

हॉलमध्ये चाळीस माणसं. त्यात माझ्या मावश्या, आणि फॉल लावून आणणारी माझी आई. तिचा चेहरा एवढुसा झाला. मी म्हटलं, "राहू द्या आत्या, चालतंय." तर या बाई माझ्या पायाशी फतकल मारून बसल्या, दोन ठिकाणी टाके उसवले, दोन नवे घातले आणि म्हणाल्या, "आता चाल बघू." मी चालले. निऱ्या झकास पडल्या आणि त्यामुळं तर मला जास्तच संताप आला. चुकीचं काही बोलल्या असत्या तर एक वेळ मी हसून सोडून दिलं असतं.

संध्याकाळी पाव्हणे पांगले आणि मी नि आई पलंगावर आहेर घेऊन बसलो. आमच्याकडं आहेराची रीत कशी असते ते सगळ्यांना माहीतच आहे. आलेल्या साड्यांतल्या दोन-चार चांगल्या नेसायच्या, बाकीच्या द्यायच्या-घ्यायच्या. आज हिनं मला दिली, उद्या मी तिच्या नणंदेला दिली, अशा त्या साड्या नगर जिल्हाभर हिंडत असतात, बिचाऱ्या कुणाच्या अंगाला म्हणून लागत नाहीत. फक्त एक सांभाळायचं असतं, जिची तिला परत जाता कामा नये. त्यासाठी रविराजनं प्रत्येक साडीला नावाची चिठ्ठी टाचणीनं लावून ठेवली होती. अशा कामात तो फार नीटनेटका, कंपनीत दिवसभर तेच तर करतो.

आत्यांची साडी डब्यात नव्हती, साध्या कापडी पिशवीत होती. पिशवीवर चिठ्ठी, 'राहीआत्या'. ती वाचली आणि माझ्या डोळ्यांसमोर आईचा एवढुसा झालेला चेहरा आला. आई म्हणाली, "बघ तरी काय दिलंय ते." मी म्हटलं, "काय असणार? कुणीतरी फॉल लावायला दिलेली परत न्यायची विसरली असेल." आम्ही दोघी हसलो. मी टाचणी ओढली, चिठ्ठी चुरगाळली, पिशवीतून साडी काढली आणि घडीसुद्धा न उलगडता द्यायच्या सुटकेसमध्ये टाकली. चिठ्ठी पडली नव्हती, कुणी काढली नव्हती, मी काढली. हे आधीच सांगून ठेवते.

मग घर लावण्यात दिवस गेले. सुप्याला वारा किती, हे मला कुणी लग्नाआधी सांगितलं नव्हतं. खिडकी उघडली की कढईतल्या फोडणीवर धूळ. आमच्याकडं पडदे नव्हते, म्हणून रविराजनं एका खिडकीला लुंगी आणि दुसरीला माझी नवी चादर खिळे ठोकून लावली. खालच्या काकूंनी विचारलं, तुमच्याकडं पाव्हणे मुक्कामाला असतात का हो, सारखी लुंगी वाळत असते. मी वर येऊन रविराजच्या नावानं शंख केला. तो म्हणाला, "थांब, आत्याला फोन लावतो." मी नको नको म्हणेपर्यंत फोन लागलासुद्धा.

होळी झाल्यावर आत्या आल्या. हातात मापाची पट्टी, पिशवीत रिळं. चार दिवस राहिल्या. पहिला दिवस मी फुगलेलीच होते. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही देव जाणे. मी रविराजला "अहो, जेवायला चला" म्हटलं, तर त्या सुईतून मान वर न करता म्हणाल्या, "मगाशी आतून 'ए रव्या' ऐकलं की मी. म्हन त्याला तू. मी काय भैरी न्हाई." रविराज ठो ठो हसला. मलाही हसू आवरेना. राग असा हसून गेला की परत धरायला सापडेना.

त्यानंतरचे तीन दिवस, काय सांगू, मला या घरात पहिल्यांदा घर असल्यासारखं वाटलं. रविराज पहिल्या पाळीला गेला की आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. त्या पडद्यांना हातानं दुमड घालायच्या, मी बटाटे सोलायचे. त्यांनी मला गोंडे बांधायला शिकवले. माझे गोंडे वाकडे व्हायचे, तर म्हणायच्या, "असू दे, पदर पाठीमागं आसतो, तुला कुठं दिसतोय?" मी डाळीत मीठ दोनदा घातलं, ते त्यांनी रविराजला कळू न देता बटाटे टाकून निस्तरलं.

त्यातच एका दुपारी त्यांनी मला बोळवणीचं सांगितलं. मी सहज विचारलं होतं, "आत्या, दिवाळीला तुम्ही कोल्हारच्या आपल्या घरी का येत नाही? दोनच तर गल्ल्या." त्यांनी टाका घातला, दोरा दातानं तोडला.

"दादा हुता तवर यायची की. दोन गल्ल्यांवरून यायची, पर पिशवी घेऊन यायची, लांबून आल्यावानी. चार दिस ऱ्हायाची. जाताना दादा वहिनीला म्हनायचा, राहीला साडी-चोळी करा, लेक रिकामी जाईल का? मंग वहिनी ओटी भरायची, साडी द्यायची. दादा मला कोपऱ्यापर्यंत घालवाया यायचा. गल्लीतल्या बाया हसायच्या, एवढ्याशा वाटंला बोळवन कसली? हसू द्या. ज्या बाईला नांदाया घर न्हाई, तिला माहेर तरी पायजे ना?"

"आणि आता?"

"थोरल्या सुनंनं दोन वर्सं केलं. मंग इसरली. मी मागत न्हाई बाई. मागून कुनाला माहेर गावतं?" मग माझ्याकडं चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "रव्यानं घर केलं तवा मला लई बरं वाटलं. म्हनलं, झालं, आता मला पिशवी भरून जायाला जागा झाली."

मी मनाशी पक्कं ठरवलं, यांची बोळवण मी करणार, अगदी रीतसर. आता इथं एखादी शहाणी बाई दुसऱ्याच दिवशी बाजारात गेली असती आणि साडी घेऊन आली असती. मीही जाणारच होते. पण त्या दिवशी सिलेंडर यायचा होता, दुसऱ्या दिवशी नळाचा माणूस यायचा होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या पिशवी भरून तयार. रविराज कामावर गेला होता. नऊची गाडी गाठायची होती. मी आत गेले, सुटकेस उघडली. वरच्या दोन साड्या भडक होत्या, खाली एक जांभळी दिसली. बरी दिसली. घडी मोडू नये म्हणून उलगडून पाहिली नाही. खरं सांगते, ती कुणाची आहे हे त्या क्षणी मला मुळीच आठवलं नाही. चिठ्ठी असती तर कळलं असतं.

आत्यांना पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, नारळ-तांदळानं ओटी भरली आणि साडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. मग मांडीवर ठेवून त्यांचा अंगठा सवयीनं घडीच्या आत गेला, काठाखालून, फॉलवरून. आणि तिथंच थांबला. अगदी थोडा वेळ. चष्म्याआडचे डोळे मला दिसत होते, आत्या साडीकडं बघत नव्हत्या, माझ्या पायांकडं बघत होत्या.

"लई ग्वाड रंग हाय," त्या म्हणाल्या. "तू निवडलीस?"

आणि मी, कर्म माझं, तोंडभर हसून म्हणाले, "हो मग! खास तुमच्यासाठी नगरहून आणली. कापडबाजारात चार दुकानं हिंडले."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. साडी पिशवीत ठेवली, माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि जिना उतरल्या. मी त्यांना स्टॅंडपर्यंत घालवायला गेले, अगदी सासऱ्यांसारखी. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. मला वाटलं, गहिवरल्या असतील. येताना मी स्वतःवर एवढी खूश होते की कोपऱ्यावरून भेळ घेऊन आले.

चार वाजता रविराज आला. भेळ खाता खाता म्हणाला, "आत्याला काय दिलंस?"

"जांभळी साडी. फार आवडली त्यांना."

त्याचा हात थांबला. "जांभळी? अगं, आत्यानं तुला वास्तुशांतीला जांभळीच आणली हुती ना? मला फोन करून तुझा आवडता रंग विचारला हुता. म्हणाली, फॉल-पिको, गोंडे सगळं करून आणते, पोरीला आल्यासरशी नेसता यावी. महिनाभर बसली हुती त्या गोंड्यांना. तीच तर नव्हं?"

आहेराची साडी कोरी येते. फॉल लावलेली साडी कुणी आहेरात देत नाही, कारण मग ती पुढं कुणाला देता येत नाही. फॉल लावून देणं म्हणजे, ही तू नेसायचीस, असं सांगून देणं. मी घडी उलगडली असती तर एका क्षणात कळलं असतं. आत्यांचा अंगठा आत का थांबला, ते मला तेव्हा कळलं आणि भेळेचा घास तोंडात फिरायला लागला.

"चिठ्ठी नव्हती तिच्यावर," मी म्हणाले. हे तरी खरं होतं. पण रविराज माझ्याकडं बघतच राहिला, म्हणून मी पुढं बोलले, "पडली असेल. तूच टाचण्या नीट लावल्या नव्हत्यास. एक काम सांगितलं होतं तुला."

त्यानं भांडायला हवं होतं. पण तो कपाळावर हात मारून म्हणाला, "च्यायला, माझंच चुकलं मग," आणि त्यानं लगेच आत्यांना फोन लावला. स्पीकरवर. मी ओट्याला टेकून उभी.

"आत्या, मोठा घोटाळा झाला गं. ती साडी तुझीच हुती का? माझी टाचणी सुटली, चिठ्ठी पडली, स्नेहलला कळलंच न्हाई. माझ्यामुळं झालं, राग धरू नको."

पलीकडं मशीनची घरघर चालू होती. ती थांबली.

"कसली साडी? न्हाई रं बाबा," आत्या म्हणाल्या. "माझी येगळी हुती, गडद. ही येगळीच हाय, हिनं नगरहून आनली की माझ्यासाठी. चार दुकानं हिंडली म्हनं पोरगी. तुला काय साड्यांतलं कळतंय? फोन ठेव, काम हाय मला."

रविराजनं हुश्श केलं आणि राहिलेली भेळ संपवली. मला म्हणाला, "सुटलो बाबा. तू हिंडलीस कधी गं एवढी?" मी म्हटलं, "गेले होते." मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते काय असतं ते मला त्या ओट्यापाशी समजलं. माझी थाप त्यांनी माझ्याच नवऱ्यासमोर जशीच्या तशी, एक दुकान इकडचं तिकडं न करता, झाकली होती.

पुढचे दोन महिने माझे कसे गेले, माझं मला माहीत. पडदे बंद केले की त्यांची दुमड दिसायची. टाका दिसायचा नाही, पण टाका कुठं आहे हे मला माहीत होतं. आत्या फोनवर छान बोलायच्या. "लगीनसराई हाय, साड्यांचा ढीग पडलाय, मान वर कराया सवड न्हाई," म्हणायच्या. मला वाटायचं, ही सबब आहे, त्या आता यायच्या नाहीत. रविराजवर मी विनाकारण खेकसायची. तो बिचारा म्हणायचा, तुला इथं करमत नाही का, कोल्हारला जाऊन येतेस का दोन दिवस? त्याच्या चांगुलपणाचासुद्धा मला राग यायला लागला. शेवटी एका गुरुवारी मी त्याला आईकडं जाते असं सांगून निघाले आणि नगरला कोल्हारची गाडी धरली. राहुरी गेली, प्रवरेचा पूल आला, तरी काय बोलायचं ते ठरत नव्हतं. एवढंच ठरलं होतं, की आज खरं सांगून टाकायचं. मला ते आता पोटात ठेववत नव्हतं.

आत्यांची खोली साड्यांनी भरली होती. दोरीवर साड्या, खाटेवर साड्या. दाराशी भागूबाई म्हणून एक गिऱ्हाईक बसलं होतं. मला बघून आत्या उठल्याच. "अगं बया! एकटी आलीस? रव्या बरा हाय ना?" आणि भागूबाईंना म्हणाल्या, "ही माझी सुप्याची भाचसून."

"साडीवाली व्हय?" भागूबाई म्हणाल्या. "परवा लग्नात नेसली हुती राहीबाई. साऱ्या मांडवाला सांगत हुती, भाचसुनंनं बोळवन केली म्हनून. गुनाची हायेस बाई."

भागूबाई साडी घेऊन गेल्या. आत्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला आणि कोपऱ्यातली पिशवी ओढून मला दाखवली. आत घडी घातलेलं कापड होतं, पाण्यात काढून, इस्त्री करून ठेवलेलं. "तुझ्या सैपाकघराच्या दाराला पडदा ऱ्हायला हुता ना? कापड आनून ठिवलंय. कामं आज सपली. ह्या आयतवारी येनारच हुते मी. चार दिस ऱ्हाईन म्हनलं, रव्याला सांगू नको, आवचित येते."

तिथंच थांबायचं होतं मी. चहा प्यायचा होता, "या की, वाट बघते" म्हणायचं होतं, घरी यायचं होतं. मला ते दिसतही होतं. पण दोन महिने मी एकाच गोष्टीची तयारी केली होती आणि ती आता थांबवता येईना. त्यांचा आनंद बघून तर मला आणखीच लाज वाटली. मी खाली बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. वास्तुशांतीचा राग, आईचा चेहरा, कापडी पिशवी. "टाचणी सुटली नव्हती, आत्या. मी काढली. तुमचं नाव वाचून काढली. साडी उलगडूनसुद्धा बघितली नाही मी. आम्ही हसलोसुद्धा. रवीला मी खोटं सांगितलं."

आत्यांनी स्टोव्ह बंद केला. चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला.

"झालं बोलून?"

"हो."

"हलकं वाटलं?"

मला वाटलं, त्या जवळ घेतील. मी डोळे पुसत मान हलवली. "हो आत्या. फार."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ चष्मा पदराला पुसत राहिल्या. "पर माझं कसं गं? फॉलला हात लागला तवाच मला कळलं, ही माझी साडी. तू दुकानाचं सांगितलं, तवाबी म्हनलं, गडबडली आसंल पोर. मंग रव्याचा फोन आला, टाचनी सुटली. मला तेवढं पुरलं बघ. सुटती की टाचनी. सुप्याला वारा किती. मी मनाला सांगितलं, पोरीनं मुद्दाम न्हाई केलं. त्यावर माझं चाललं हुतं. त्यावर मी ती साडी नेसले, मांडवात मिरवले. आता तूच एवढ्या लांबून येऊन सांगती, की न्हाई, टाचनी न्हाई सुटली." त्यांचा आवाज चढला नाही. "आता मी तुझ्या दारात काय म्हनून येऊ?"

मी त्यांचे पाय धरले. चुकलं म्हटलं, हवं तर मारा म्हटलं. त्यांनी मला उठवलं, "आगं, राग न्हाई माझा," म्हणाल्या, आणि ते खरं असावं, कारण राग असता तर मला कळला असता, रागातलं मला कळतं. मला कुंकू लावलं. निघताना म्हणाल्या, "रव्याला यातलं काय बोलू नको. त्याला ठावं नसलेलं बरं. निदान त्याची तरी मी आत्या ऱ्हाऊ दे."

त्या रविवारी मी पुरणाचा स्वयंपाक केला. रविराज म्हणाला, आज काय विशेष? मी म्हटलं, असंच. दर थोड्या वेळानं मी गॅलरीत जाऊन रस्त्याकडं बघत होते. संध्याकाळपर्यंत पोळ्या गार झाल्या आणि आम्ही दोघांनीच खाल्ल्या.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. आत्या फोनवर अजूनही छान बोलतात. माझी विचारपूस करतात, जेवली का म्हणतात, फक्त येते म्हणत नाहीत. रविराजनं चार-पाच वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी काम आहे, गुडघा दुखतो, गाडीला गर्दी असते. काल तो फोन ठेवून स्वयंपाकघरात आला, माझ्या शेजारी ओट्याला टेकला आणि म्हणाला, "माझं काय ऐकत न्हाई ती. तू जा ना एकदा कोल्हारला. तू म्हणलीस तर येईल बघ. तुझ्यावर लई जीव आहे तिचा."

"जाते की," मी म्हणाले.